आमचा सर्व्हर सकाळीच का अडतो

सलीम, तुझ्या शोकसभेत तुझा जुना मालक बोलला. तुला हे कुणी सांगितलं नसणार, म्हणून आधी तेच सांगतो.

अकोल्याच्या कॉम्प्युटरवाल्यांनी मिळून एक हॉल घेतला होता. तुझा फोटो मोठा करून ठेवला होता. फोटोत तू तोंड मिटून बसला आहेस, त्यामुळे ओळखायला मला जरा वेळ लागला. तीन-चार जण बोलले, बरं बोलले. मग तो उठला. पांढरा सदरा, हातात मोबाइल, आणि चेहऱ्यावर अशा वेळी ठेवायचं असतं तेवढंच दुःख. म्हणाला, "सलीम म्हणजे सोन्यासारखा माणूस. मेहनती. पण नुसत्या मेहनतीनं होत नाही. तो सर्व्हर त्याला झेपला नाही. तेच त्याच्या मनाला लागलं असावं. असो, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये."

लोकांनी माना हलवल्या. चहा आला. मीही घेतला. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तुम्ही बोला दोन शब्द, लहानपणचे दोस्त तुम्ही." मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, कंठ दाटला. कंठ दाटला नव्हता. मी त्याचं वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो, त्यातला एकही शब्द सांडू नये म्हणून.

आपल्या दोघांत तापट तू आणि शांत मी, असं परतवाड्याच्या शाळेपासून सगळे समजत आले. मी कधी कुणाला शिकवलं नाही, अमरावतीच्या एका कॉलेजात पुस्तकं देतो-घेतो; पण मधल्या सुट्टीत वाचत बसायचो म्हणून तू मला तेव्हाच मास्तर करून टाकलंस. तू शिवी द्यायचास आणि त्याच माणसाबरोबर लगेच चहा प्यायचास. शिवी तुझ्या पोटात राहतच नसे. मी शिवी देत नाही, म्हणून ती माझ्याजवळ राहते. पुस्तकासारखी, जागच्या जागी, हवी तेव्हा काढता येईल अशी. "मास्तर, तुह्यावानी डूख धरनारा मानूस मी पायला नाई," असं तू म्हणायचास आणि हसायचास. आता हसू नकोस. मला त्या डुखाचं काम पडलं आहे.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं आठव. वऱ्हाडात नवा चेहरा दिसला की लोक आधी विचारायचे, पत्रकार का सरकारी? दिल्ली-मुंबईच्या गाड्या यायच्या आणि उडवलेली धूळ खाली बसायच्या आत निघून जायच्या. प्रत्येकाकडे शेतकऱ्यासाठी काहीतरी होतं. तुझ्या मालकाकडेही होतं, आणि खरं बोलायचं तर पुष्कळांपेक्षा ते चांगलं होतं. कापूस, तूर, सोयाबीन, आज कुठल्या बाजार समितीत काय भाव फुटला, हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळवायचं. सकाळी बोली सुरू झाली की तिथला माणूस भाव पाठवणार, तो सर्व्हरवर चढणार, आणि गावातून कुणी मेसेज टाकला की उत्तरात भाव जाणार. अकोल्यापेक्षा अकोटाला जास्त असेल तर गाडी तिकडे वळवायची. एवढीच गोष्ट. तो सर्व्हर, म्हणजे मागच्या खोलीत बसून मागेल त्याला उत्तर देणारा तो कॉम्प्युटर, तू उभा केलास. त्या खोलीत तू चपला काढून जायचास. का, असं विचारलं तर म्हणायचास, "धूळ नोको जायाले." पण आपल्या दोघांनाही माहीत होतं की कारण नुसतं धुळीचं नव्हतं.

सुरुवातीला छान चाललं. मग तो सकाळी अडायला लागला. दुपारी ठीक, संध्याकाळी ठीक, फक्त बोलीच्या वेळी अडेल बैलासारखा बसकण मारायचा. दर्यापूरकडचे शेषराव तुला जवळजवळ रोज फोन करायचे. स्वतःचा कापूस घेऊन समितीच्या गेटवर उभा असलेला माणूस, त्याला घाई असणारच. त्यांचं वाक्य तू त्यांच्या आवाजात करून दाखवायचास: "सलीमभाऊ, तुमचा मेसेज दुपारी येते अन् माल सकाळीच जाते. त्या मेसेजचं मी लोनचं घालू काय?"

तू हसायचास आणि हसता हसता तुझा चेहरा पडायचा.

शनिवारी तू रुखसानाच्या माहेरी जायच्या नावाखाली एसटीनं अमरावतीला यायचास आणि तडक ग्रंथालयात घुसायचास. हातात गिल्या वड्याचा पुडा. 'येथे खाण्यास मनाई आहे' ही पाटी माझ्याच अक्षरात आहे. तू बरोबर तिच्याखाली बसून खायचास. तिथल्या कॉम्प्युटरवर तू मला तो फोरम दाखवलास. जगभरचे सर्व्हरवाले जिथं बसलेले असतात, कुणाचं काही अडलं की तो विचारतो, ज्याला येतं तो सांगतो, अशी जागा. मला आपल्या गावच्या पाराची आठवण झाली. तसं मी म्हटलं, तर तू म्हणालास, "हो, पारच आहे. फुकट सांगनारेही अन् फुकट हासनारेही."

तुला इंग्रजी वाचता यायचं, लिहायचं म्हटलं की तू मागं सरायचास. म्हणून ठरलं, तू सांगायचं आणि मी लिहायचं. आणि मी लिहिलं. शाळेत आपल्याला इंग्रजीत एकच गोष्ट नीट लिहायला शिकवली होती, रजेचा अर्ज. मी तोच लिहिला. आदरणीय महोदय, सविनय निवेदन करण्यात येते की आमचा सर्व्हर गेल्या काही दिवसांपासून प्रातःकाळी अत्यंत मंद झालेला आहे. तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती. आपला विश्वासू.

पहिलं उत्तर आलं: आम्हाला वाटलं, तुमचे कुणी काका वारले आणि त्यांची संपत्ती आमच्या खात्यात टाकायची आहे. लुबाडणाऱ्या ईमेल अशाच अदबीनं सुरू होतात म्हणे. उत्तराखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तू खुर्चीवर इतका हसलास की वाचणारी पोरं पुस्तकांतून डोकी वर काढून बघायला लागली. मला काही केल्या हसू येईना. आता येतं. आता बरोबर हसायला तू नाहीस.

मग तो गरुड आला. आपण लोकांना त्यांच्या चित्रावरून ओळखायचो आणि त्याच्या नावापुढे गरुडाचं चित्र होतं. त्यानं लिहिलं, यंत्र कोणतं, मेमरी किती, नोंदी कुठे आहेत, हे न सांगता मदत मागणारे लोक दुसऱ्याचा वेळ खातात. प्रश्न विचारता येत नसेल तर सर्व्हरला हात लावू नये. तू लाल झालास आणि मला सांगायला लागलास. त्याच्या खानदानापासून सुरुवात केलीस, पक्षिजातीवर आलास, परत खानदानावर गेलास. मी लिहीत होतो. तू थांबल्यावर पडद्याकडे बघितलंस.

"अबे मास्तर, मी इतकं बोललो अन् तू एकच ओळ काहून लिहिली?"

"इंग्रजीत शब्द कमी लागतात."

"काय लिहिलं पन?"

"आपल्या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल आभारी आहोत."

तू पुड्यातला शेवटचा वडा, जो नेहमी माझा असायचा, तो माझ्यासमोर खाल्लास. शिक्षा म्हणून.

आणि मग सायकलवाले काका आले. चित्रात नुसती एक जुनी सायकल, भिंतीला टेकवलेली. कोण, कुठले, आजही माहीत नाही. त्यांनी आपल्या अर्जाची टिंगल केली नाही. तीन गोष्टी विचारल्या. तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. मग चौथी: नेमकं केव्हा अडतं? आणि त्याच वेळी आजूबाजूला दुसरं काय चालू असतं?

ते वाचून तू खुर्ची पडद्याजवळ ओढलीस. नंतर म्हणालास, "अब्बा." तुझ्या अब्बांचं परतवाड्याला सायकलचं दुकान. गिऱ्हाईक म्हणायचं, चाचा, सायकल आवाज करते. अब्बा सायकलला हातसुद्धा लावायचे नाहीत. आधी विचारायचे, "कब करती? चढाव पे या उतार पे? तू बैठा तो करती, या खाली चलाई तो भी करती?" अर्धं दुखणं त्या उत्तरातच सापडायचं. लोक चिडायचे, अब्बा विचारत राहायचे. तू म्हणालास, "हा गोरा का काया मले मालूम नाई, पर हा मानूस सायकलवाला आहे." त्या दिवसापासून ते काका.

त्या काकांनी मला लिहायला शिकवलं, सलीम. चेष्टा नाही. आदरणीय गेलं, सविनय गेलं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. हा लेख मी त्याच शिस्तीत लिहितो आहे. तू मला त्या पारावर नेलं नसतंस, तर मी आयुष्यभर विश्वासूच राहिलो असतो.

पण तू त्यांचंही ऐकेनास. काका म्हणत, मागणाऱ्यांच्या नोंदी बघा, कोण किती वेळा मागतो ते बघा. तू म्हणत होतास, दोष भावांच्या साठ्यात आहे. कारण तो साठा तू स्वतः रचला होतास आणि दोष आपल्याच कामात असणार असं तुला उगाच वाटायचं. आठवडेच्या आठवडे तू तोच उसवत आणि शिवत बसलास. काकांना तू लिहायला सांगितलंस की घरात बसून सांगणं सोपं आहे. ते मी लिहिलं, जसंच्या तसं लिहिलं, कारण मीही वैतागलो होतो. काकांचं उत्तर आलं, खरं आहे. तरी नोंदी बघा.

आणि तू बघितल्यास. सोमवारी कचेरीत बघितल्यास आणि मला फोन केलास. मी एका मुलीला पुस्तक देत होतो. तू म्हणालास, "मास्तर, एकच पत्ता आहे बे. पानभर तोच. पलटवलं तं तोच."

नोंदीत प्रत्येक मागणीपुढे मागणाऱ्या कॉम्प्युटरचा पत्ता असतो; सकाळी बोली सुरू झाली की एकच कॉम्प्युटर दम न घेता भाव मागत होता. सगळ्या समित्यांचे, सगळ्या मालाचे, पुन्हा पुन्हा. आणि आपल्या सर्व्हरला आतून कुणीतरी सांगून ठेवलं होतं की त्याचं आधी दे, बाकीच्यांना थांबव. शेषराव त्या बाकीच्यांत. पत्ता कुणाचा, हे तुला शोधावं लागलं नाही. कचेरीसमोर रस्ता ओलांडला की कापसाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची पेढी. तिथलं कनेक्शन तूच जोडून दिलं होतंस. शेतकऱ्याच्या नावानं बांधलेल्या विहिरीला व्यापाऱ्यानं मोटर लावली होती, आणि बटण तुझ्या मालकाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्या पत्त्याला सर्व्हरचं दार बंद केलंस. कुणाला न विचारता. मला तुझ्या आयुष्यातली ती सकाळ सगळ्यांत जास्त आवडते, आणि मी तिथं नव्हतो. तू सांगितलंस तेवढीच माझी. बोली सुरू झाली आणि सर्व्हर, तुझ्या शब्दांत, "लोन्यातून सुरी" चालला. शेषरावांचा फोन आला. तुला वाटलं आता लोणचं. ते ओरडत होते, "आला ना बाप्पा! गेटवरच आला! मी गाडी वळवून राहिलो अकोटाले, ठेवा फोन!" पाठीमागे टेम्पोचा आवाज, कुणीतरी शिव्या देतंय की गाडी आडवी का घातली. तू तो फोन मला किती वेळा ऐकवलास, तोंडानं टेम्पोचा आवाज काढून.

दुपारी मालक आला. त्या खोलीत चपला घालून आला. "दार उघड," म्हणाला. तू म्हणालास, साहेब, यानंच सर्व्हर अडते. तो म्हणाला, "मला माहीत आहे कशानं अडतो. तुला काय सांगितलं, ते कर."

त्याला माहीत होतं, सलीम. हे वाक्य तू मला सांगितलंस तेव्हा तू थकलेला होतास आणि पटकन पुढं गेलास. मी तिथंच थांबलो. अजून तिथंच आहे.

तू दार उघडलंस. "उघडलं मास्तर. नोकर मानूस." त्यानंतर फोन करणाऱ्यांना नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे असं सांगायचा हुकूम झाला, आणि तू शेषरावांना तसं सांगितलंस. त्या हंगामात तक्रारी वाढल्या, एक मोठी बैठक झाली, अधिकारी आले. मालक सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला की आमचा तांत्रिक माणूस कमी पडला, आम्ही त्याला काढलं आहे. तू त्याच खोलीत मागं उभा होतास, प्रोजेक्टर लावायला. काढल्याचं तुला तिथं कळलं. प्रोजेक्टर तू शेवटपर्यंत चालवलास. मी विचारलं, वायर का नाही उपटलीस? तू म्हणालास, "प्रोजेक्टरचा काय गुन्हा?"

आता आपलं भांडण. ते अर्धंच राहिलं आहे आणि मी ते सोडणार नाही.

त्या फोरमचा एक रिवाज तुला फार आवडायचा. ज्याचा प्रश्न सुटला त्यानं परत यायचं, कसा सुटला ते लिहायचं, आणि प्रश्नाच्या माथ्यावर 'सुटला' अशी खूण करायची. पुढच्या अडलेल्यासाठी. आपण सुरुवातीला शोधत होतो तेव्हा आपल्यासारखाच प्रश्न कुणीतरी फार पूर्वी विचारलेला सापडला होता. तू उड्या मारल्या होत्यास. खाली सरकवत गेलो तर शेवटी त्याच माणसानं लिहिलेलं, सुटलं, धन्यवाद. बस्स. कसं, ते नाही. तू टेबलावर मूठ आपटलीस. "अबे पर सुटलं कसं? हा मानूस मले भेटला ना मास्तर, तं त्याच्या घरचं पानी बंद करतो!"

आणि मग तू स्वतः काय केलंस? काकांनी विचारलं, काय निघालं? तू गप्प. काही दिवसांनी परत विचारलं, सगळं ठीक आहे ना? तू गप्प. मी म्हणालो, मी लिहितो, सगळं लिहितो, नावासकट. तू माझा हात कीबोर्डवरून उचललास.

"नाई लिहायचं."

"का?"

"उद्या मले दुसरीकडं कोन ठेवीन? हे सारे एकमेकाले ओयखतेत. अन् जाऊ दे ना बे. त्याचेही लेकरं आहेत."

"तू तोच माणूस झालास," मी म्हणालो. "सुटलं, धन्यवादवाला. तू तर धन्यवादही नाही लिहिलंस."

तू माझ्याकडे बघितलंस. इतक्या वर्षांत मी तुला एवढं कडू बोललो नव्हतो. मी ते आजही मागं घेत नाही. तू उठलास, पुडा तसाच ठेवून. दारातून म्हणालास, "तिथं माह्यं नाव आहे मास्तर. मी हाओ तोवर तिथं मीच बोलीन, नाईतर कोनीच नाई." पुढच्या शनिवारी आलास, वडे आणलेस, त्या गोष्टीबद्दल आपण पुन्हा बोललो नाही. मग तू परतवाड्याला अब्बांच्याच दुकानात मोबाइल रिचार्जचं काउंटर टाकलंस, शनिवार कमी झाले. दुसरीकडे तुला कुणी ठेवलं नाहीच. ते एकमेकाले ओयखतेत हे तुझं खरं निघालं. गप्प राहून तुला काय मिळालं, याचा हिशेब मी तुझ्यासमोर कधी मांडला नाही. मांडायला हवा होता असंही नाही. तुला तो येतच होता.

शोकसभेहून आलो आणि मी तो फोरम उघडला. तुझा प्रश्न होता तिथंच होता. माथ्यावर खूण नाही. सगळ्यांत खाली गरुडानं लिहिलेलं: नेहमीप्रमाणे विचारणारा पळून गेला. ज्यांना झेपत नाही त्यांनी विचारू नये.

एक अकोल्याचा, एक जगाच्या कुठल्या टोकाचा कोण जाणे. दोघांची भेट होणं शक्य नाही, आणि दोघांनी तुझ्यावर एकच निकाल लिहून ठेवला होता. मी तो पुन्हा वाचला. मग कॉम्प्युटर बंद करून पहिल्या गाडीनं परतवाड्याला गेलो.

काउंटरवर रुखसाना बसली होती. गिऱ्हाइकं होती, मी बाजूला थांबलो. दुकानात अजून अब्बांच्या वेळचा वंगणाचा वास येतो. तिनं चहा मागवला. मी सगळं सांगितलं. मालक काय बोलला, गरुडानं काय लिहिलं, तू मला काय बजावलं होतंस. तुझी मनाई लपवली नाही.

ती म्हणाली, "त्यायनं नाई म्हनलं होतं तं तुमी आले कायले?"

"ते नाही म्हणाले होते, ते असेपर्यंत."

"वकील झाले का भाऊ तुमी?" असं म्हणून ती थोडी हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. एक गिऱ्हाईक आलं, तिनं नंबर विचारला, रिचार्ज मारला, पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता बोलली. "त्यायनं माफ केलं असंन. त्यायले सवय होती, साऱ्यायले माफ करत फिरायची. मले कोनी इचारलं? घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपत होते ते, त्या मालकाले दिसलं का? मी नाई केलं माफ." बराच वेळ ती काउंटरची काच पुसत राहिली. "लिहा. पर सरळ लिहा भाऊ. ते तुमच्या त्या अर्जाची नक्कल करून घरभर हासत होते. अर्जावानी नका लिहू."

तुझा पासवर्ड तिनंच सांगितला. तो मी इथं लिहीत नाही. अब्बांच्या दुकानाशी त्याचा संबंध आहे, एवढं पुरे.

मी लिहिलं. दुपारच्या वेळी, ग्रंथालयात, पाटीखालच्या तुझ्या खुर्चीवर बसून. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. हा प्रश्न सलीमचा. तो वारला. मी त्याचा मित्र, आधीचे प्रश्नही माझ्याच हातचे, त्यांतल्या भाषेबद्दल क्षमा. सर्व्हर सकाळी अडायचा, कारण एका व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर बोलीच्या वेळी न थांबता भाव मागत होता आणि मालकानं त्याला सगळ्यांच्या पुढे उभं केलं होतं. सलीमनं ते शोधलं. एक सकाळ ते दार बंद ठेवलं, आणि त्या सकाळी गेटवरच्या शेतकऱ्यांना भाव वेळेवर कळला. मालकानं दार पुन्हा उघडायला लावलं आणि दोष सलीमवर टाकला. उपाय: ते दार बंद करा. मग मालकाचं नाव, व्यापाऱ्याचं नाव, गावाचं नाव, पूर्ण. इथं ती नावं देत नाही. अकोल्यात हा लेख वाचणाऱ्यांना ती शोधावी लागणार नाहीत. शेवटी काकांसाठी एक ओळ, की नोंदी बघा हे तुमचं म्हणणं बरोबर होतं आणि ते तुम्हाला कळवायचं राहिलं होतं. गरुडासाठी एक, की विचारणारा पळून गेला नव्हता, त्याला काढलं होतं. त्याच्या खानदानाबद्दल काही लिहिलं नाही. तू नाराज झालास तर हो.

आणि माथ्यावर खूण केली. सुटला.

काकांचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं, मी वाट पाहत होतो. एवढंच. मी खुर्चीवरून उठून पुस्तकांच्या मागं गेलो आणि तिथं थोडा वेळ थांबलो. गरुडानं स्वतःचं जुनं वाक्य पुसून टाकलं. पुसलं की तिथं तशी नोंद राहते, आणि त्या नोंदीपुढे त्याचं चित्र आहे. ते असू दे तिथं.

शेषरावांना मी ते सगळं मराठी करून दिलं. त्यांनी समितीच्या गेटवर ते वाचून दाखवलं, बोलीच्या आधी, आणि पुन्हा कुणी उशिरा आलं की पुन्हा. तुझ्या मालकाचं नाव आलं की थांबतात म्हणे, चष्मा पुसतात, मग वाचतात.

मग त्याचा फोन आला. मी वाटच बघत होतो.

"सर, तुम्ही इंटरनेटवर काहीतरी चढवलंय म्हणे माझ्याबद्दल."

"हो."

"अहो, किती जुनी गोष्ट ती. माणूसही गेला बिचारा. असं बरं दिसत नाही."

"गेलेल्या माणसाबद्दल मी वाईट लिहिलेलं नाही."

"माझ्याबद्दल लिहिलंय ना!"

"तुम्ही आहात की."

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग आवाज उतरवून म्हणाला, "सर, तुम्ही शांत माणूस. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आता ते काढायला काय करावं लागेल, ते सांगा."

सलीम, मी इतकी वर्षं जागच्या जागी ठेवलेलं ते काढलं. अगदी हळू बोललो. "अर्ज करा," म्हटलं. "तिथंच, त्या फोरमवर, सगळ्यांना दिसेल असा. आदरणीय महोदय, सविनय निवेदन करण्यात येते की, इथून सुरू करा. सर्व्हर कशानं अडतो हे मला माहीत होतं, असं पुढं लिहा. खाली, आपला विश्वासू. मग मी विचार करीन."

त्यानं फोन ठेवला. तुला याहून चांगली शिवी सुचली असती. मला एवढीच येते.

अर्ज अजून आलेला नाही. मी रोज सकाळी बघतो, बोली सुरू व्हायच्या वेळेला.